मडवळीण नावाचा पक्षी

गौरवीने फलकाचा नमुना मेजावर पसरला तेव्हा मी चहात उंडा, म्हणजे आमचा गोल पाव, बुडवून खात होते. हात पुसून चष्मा घालेपर्यंत तिला धीर नव्हता. गौरवी माझी नात, मुलाची मुलगी. आम्ही डिचोलीत राहतो, पण दोन वर्षं झाली, पावसाळा सरला की दर रविवारी सकाळी ती लोकांना पक्षी दाखवायला आमोण्याच्या बांधावर घेऊन जाते. आमोणे माझं माहेर. ज्या बांधावरून मी शाळेत जायची, त्याला आता पक्ष्यांची वाट म्हणतात आणि त्यावर पणजी-मडगावची माणसं हजार-हजारांचे बूट घालून हळूहळू चालतात. मला ते बघून हसू येतं, पण बरंही वाटतं. बांधाला इतका मान आमच्या वेळी कुणी दिला नव्हता.

फलकावर अठरा पक्षी होते. सगळे थंडीचे पाहुणे, दसऱ्याच्या आसपास उतरणारे. प्रत्येकाचं चित्र, खाली पुस्तकातलं मराठी नाव, मग इंग्रजी, आणि शेवटच्या रकान्यात गावातलं नाव. हा शेवटचा रकाना बहुतेक कोराच होता. आम्ही गावात घार, बगळा, कीर, टिटवी अशी मोजकी नावं घ्यायचो. बाकी चिमणीएवढं जे काही असेल ते सगळं सवणें. गौरवीने दोन महिने म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन विचारलं, तरी त्यातून फारसं काही निघालं नव्हतं.

अकराव्या पक्ष्याजवळ मात्र तिने बोट ठेवलं. राखाडी पाठ, पिवळं पोट, लांब शेपूट. पुस्तकी नाव करडा परीट. गावातलं नाव मडवळीण. त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'आमोण्यातील पारंपरिक नाव. मडवळीण दगडावर कपडे आपटते तसा हा पक्षी शेपूट आपटतो, म्हणून.'

आमच्याकडे परटाला मडवळ म्हणतात.

"हे कुणी सांगितलं तुला?" मी विचारलं.

आमोण्यातल्या जयरामने सांगितलं, म्हणाली, आणि गोकुळदासने. दोघांनी वेगवेगळं सांगितलं म्हणजे खात्रीचं. गोकुळदास तर म्हणाला की त्याची आजीसुद्धा हेच म्हणायची, म्हणजे नाव शंभर-सव्वाशे वर्षांचं झालं. अख्ख्या फलकात तिला हा शब्द सगळ्यांत आवडला होता. लोकांनी स्वतः बघून, स्वतःच्या कामावरून पाडलेलं नाव, असं ती म्हणत होती आणि तिचे डोळे चमकत होते.

फलक मंगळवारी छापायला जायचा होता. मी म्हटलं, आठ दिवस थांब, शुद्धलेखन बघते. चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेल्या बाईने असं म्हटलं की घरात कुणी वाद घालत नाही.

शुद्धलेखनात एकही चूक नव्हती. चूक वेगळीच होती. ते नाव शंभर वर्षांचं नव्हतं. ते मी पाडलं होतं, वयाच्या दहाव्या वर्षी, एका मुलीला हसण्यासाठी.

पोर्तुगीज जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. गावात सरकारी मराठी शाळा नुकतीच सुरू झाली होती, देवळाच्या अग्रशाळेतल्या, भाविकांना उतरायच्या दोन खोल्यांत. सहा वर्षांची आणि बारा वर्षांची मुलं एकाच वर्गात. बाकं नव्हती. प्रत्येकाने घरून आपलं बसकर आणायचं, संध्याकाळी गुंडाळून न्यायचं. मास्तर सावंतवाडीकडचे होते. त्यांना पक्ष्यांचा नाद होता. सकाळी शाळेत येताना काही दिसलं की पुस्तक बाजूला ठेवून त्याच्याबद्दल सांगत.

माझ्या शेजारी भाग्यलक्ष्मी बसायची. सगुण मडवळाची मुलगी. सगुण आमच्या वाड्यावरच्या सगळ्यांचे कपडे धुवायचा, आमचेही. व्हाळ बांधाजवळ येऊन नदीला मिळतो त्याच्या जरा वर गोड्या पाण्यात त्याचा धुण्याचा दगड होता. तिच्या घरातून शाळेत येणारी ती पहिली. मला घरी वाचायला शिकवलेलं होतं, म्हणून मास्तरांनी तिला माझ्या बाजूला बसवलं. पंधरा दिवसांत ती पाटीवर आपलं नाव लिहायला लागली. एवढं लांब नाव, जोडाक्षराचं, पण तिने लिहिलं.

एके दिवशी मास्तर म्हणाले, व्हाळावर परीट आलेत, थंडी आली. कुणी तरी विचारलं, परीट म्हणजे काय? मास्तरांनी सांगितलं, परीट म्हणजे कपडे धुणारा. हा पक्षी पाण्याकाठी शेपूट आपटतो, म्हणून ते नाव. तोवर वर्गातल्या मुली मला भाग्यलक्ष्मीवरून चिडवायला लागल्या होत्या. तिच्या शेजारी बसते, तिचा पेन्सिलीचा तुकडा घेते, असं. मला ते टोचत होतं. मी मोठ्याने म्हणाले, "म्हणजे मडवळीण." आणि मान वळवून तिच्याकडे बघितलं.

वर्ग हसला. मास्तरही हसले, पण ते माझ्या हजरजबाबीपणाला. माझी नजर कुठे गेली ते त्यांनी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून व्हाळावर ते पक्षी दिसले की पोरं ओरडायची, मडवळीण, मडवळीण, शेपूट हालय. आणि भाग्यलक्ष्मी दिसली तरी हेच. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आली नाही.

पोरं मोठी झाली, त्यांना पोरं झाली, हसणं गळून गेलं आणि शब्द तेवढा राहिला.

मी आधी गोकुळदासला फोन केला. तो त्याच वर्गात होता, माझ्या मागे बसायचा, सगळ्यांत मोठ्याने तोच हसला होता. मी त्याला आठवण करून दिली. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, तसं काही घडलंच नाही. नाव जुनंच आहे. त्याची आजी पडवीत बसून म्हणायची, त्याने स्वतःच्या कानाने ऐकलंय. मी पुन्हा सांगितलं तेव्हा तो जरा तापला.

"अगो, म्हातारपणी तुका ह्या मोठेपण कित्याक व्हया? गावाचा नाव तां, आणि तू म्हणतंस मी काढलंय."

मी फोन ठेवला. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच आजीचा आवाज ऐकू येत होता. मी एकटी गप्प राहिले असते तर कुणालाही काही कळलं नसतं. फलक लागला असता, शब्द जुना झाला असता. हे मला दिसत होतं आणि खरं सांगते, दोन दिवस मी त्या विचाराजवळ घुटमळत होते.

भाग्यलक्ष्मीला पेडण्याकडे, तुयेला दिली होती, एवढं मला माहीत होतं. साठ वर्षांत दोनदा लांबून दिसली होती, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात. दोन्ही वेळा मी दुसऱ्या गल्लीत वळले. पत्ता जयरामने दिला. तिचा मुलगा योगेश तिथल्याच एका कारखान्यात कामाला, असंही त्याने सांगितलं. गौरवीला म्हटलं, एका जुन्या मैत्रिणीकडे जायचंय. तिने आनंदाने गाडी काढली.

घर रस्त्याच्या कडेलाच होतं. भाग्यलक्ष्मी पडवीत सुपात तांदूळ निवडत बसली होती. केस पांढरेशुभ्र, माझ्यापेक्षा बारीक, पाठ अजून ताठ. मी पायरीपाशी थांबले आणि नाव सांगायला तोंड उघडलं.

"वळाखलंय," ती म्हणाली. "शाळेतय तू अशीच दारात उबी रवायचंस. ये, वर ये. ह्या कोण, नात?"

मी गौरवीला म्हटलं, तू जरा गाडीत बस, आम्हा म्हाताऱ्यांचं बोलणं आहे. भाग्यलक्ष्मीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि गौरवीसाठी पाट सरकवला.

"बस गो बाये. उन्हात गाडयेत कित्याक बसतंस?"

मग मला सगळं नातीच्या देखत बोलावं लागलं. फलक, शब्द, मास्तर, वर्ग. मी वर्गात धडा सांगावा तसं एका दमात सांगितलं, मध्ये थांबले असते तर पुढे गेले नसते. गौरवीकडे बघितलं नाही. शेवटी म्हटलं, माझ्यामुळे तुझी शाळा सुटली, आणि मी एकदाही तुला भेटायला आले नाही.

भाग्यलक्ष्मी तांदळातले खडे काढत होती. एक खडा तिने अंगणात टाकला.

"शाळा तुज्या नावान सुटाक नाय," ती म्हणाली. "आवशीचो हात मोडलो. दिवाळेच्या आदी व्हाळात घसारली. कपडे कोण धुतला? सगुण मडवळाक मी एकच चेडू."

सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला हलकं वाटलं. साठ वर्षं एक धोंडा उचलून चालले आणि तो माझा नव्हताच, असं. ते माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण तिचा हात सुपात थांबला.

"आणि त्या नावात वायट काय आसा? माजो बापूस मडवळ. आमी कपडे धुतलंव, चोरी करूक नाय. पोरां हासली, ती धा दिसांनी इसारली असती." तिने मान वर केली. "पण दुसऱ्या दिसा तू तुजा बसकर उचललंस आणि पलीकडे खिडकीकडे जावन बसलंस. तां कित्याक गो?"

मला ते आठवतच नव्हतं. माझी आठवण चांगली आहे असं घरात सगळे म्हणतात. कुणाच्या लग्नात कुठली भाजी होती ते मी सांगते. ती पडवीत माझ्याकडे बघत राहिली आणि मला हळूहळू बसकर दिसायला लागलं. आईच्या फाटक्या लुगड्याचं, कडेला हिरवा काठ. ते मी गुंडाळतेय. खिडकीखाली बसलेल्या मुली सरकून जागा करतायत. आणि मागे जमिनीवर एक रिकामी चौकट, तिच्या शेजारी, जिथे धूळ बसलेली नाही.

शब्द मी साठ वर्षं जपून ठेवला होता. त्यावर मी रडले होते, त्यावरून शिक्षक झाल्यावर माझ्या वर्गात कुणाला कुणाचं नाव पाडू दिलं नव्हतं. मी उठून गेले ते मात्र साफ पुसून टाकलं होतं.

"तुजी वाट बघलंय मी," ती म्हणाली, साध्या आवाजात. "जाल्यार चार-पाच दीस. मग आवशीचो हात मोडलो, मग काय, येळच नाय मेळूक."



मी म्हटलं, फलकावरून तो शब्द काढून टाकते, आजच सांगते. आमोण्यात यापुढे कुणी म्हणणार नाही.

"काडलंस तर तुका बरां वाटतला," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "माका काय मेळतला?"

मग ती माझ्याशी नाही, गौरवीशी बोलली. नाव ठेव, म्हणाली. पक्षी चांगला असतो, स्वच्छ असतो, तिचा बाप त्याला दगडावरून कधी हाकलत नसे. फक्त ते 'पारंपरिक' काढ. ते नाव जुनं नाही, तिच्या शाळेच्या वर्षाचं आहे. गौरवीने मान हलवली. मग भाग्यलक्ष्मी माझ्याकडे वळली.

"आणि थंय जी माणसां येतत त्यांका तू सांग. नाव कोणी काढला तां, आणि फुडला पण. सगळा सांग. तू बाई मगो? सांगूची सवय आसा तुका."

मी हो म्हटलं. तिने सूप बाजूला ठेवलं आणि चहा ठेवायला उठली. आतून विचारलं, साखर घालू की तुम्हा सगळ्यांना आता डायबेटीस? गौरवी हसली. मला हसता आलं नाही, पण चहा प्यायले. निघताना ती, पुन्हा ये, असं म्हणाली नाही. नको येऊस, असंही म्हणाली नाही. तांदूळ पुढे ओढून घेतले.

गौरवीने गाडी पुलापार नेली. मग तिने विचारलं, "तुझ्या वर्गात असं कुणी केलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"बाकावर उभं केलं असतं."

"किती वेळ?"

मी सांगितलं, पूर्ण तास. तिने नजर रस्त्यावरच ठेवली. रात्री जेवताना मात्र माझ्या ताटात माशाची तुकडी नेहमीसारखी तिनेच वाढली, तेव्हा मला जरा धीर आला.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी तिच्याबरोबर गेले. चौदा माणसं होती. भात पिकून वाकलं होतं, अर्ध्या शेतांत कापणी झाली होती. विजेच्या तारांवर माळभिंगऱ्या ओळीने बसल्या होत्या, एवढ्या की तार खाली झुकल्यासारखी वाटावी. शेतांवरून एक भोवत्या, शिकारी पक्षी, खाली उडत गेला, तसे चिखलातले बारीक पक्षी एकदम उठले आणि पुन्हा बसले. गौरवी हळू आवाजात सांगत होती की यांतले काही हिमालय ओलांडून येतात, वजन किती तर एका लिंबाएवढं. एक बाई मला म्हणाली, आजी, तुम्ही भाग्यवान, लहानपणी हे रोज बघितलंत. मी म्हटलं, आम्ही बघत नव्हतो, नुसते शाळेत जायचो.

व्हाळाजवळ नवा फलक उभा होता. अकराव्या चित्राच्या शेवटच्या रकान्यात आता फक्त एवढंच होतं, मडवळीण, आमोणे. सगुणचा दगड अजून तिथे आहे, एका कडेला शेवाळलेला. आम्ही उभे राहिलो आणि तो पक्षी आला. उडताना वरखाली होत, बारीक आवाज करत आला आणि दगडावर उतरला. शेपूट वर, खाली, वर, खाली. त्याला बघितलं की दुसरं काही सुचू नये, असा.

गौरवी म्हणाली, या पक्ष्याच्या नावाबद्दल माझी आजी सांगेल. ती बाजूला सरली आणि चौदा तोंडं माझ्याकडे वळली.

मी सुरुवात केली. शाळा, अग्रशाळेतल्या खोल्या, पक्ष्यांचा नाद असलेले मास्तर. परीट म्हणजे काय ते पोरांना ठाऊक नव्हतं आणि एका मुलीने भाषांतर केलं, ती मुलगी मी. लोक हसले, प्रेमाने. एका मुलीने वहीत लिहून घेतलं. किती गोड, कुणी तरी म्हणालं, नाव पाडणारी व्यक्ती समोर उभी, असं कधी बघायला मिळतं का? एवढ्यात गुडघ्यावर बसून कॅमेरा लावलेल्या गृहस्थांनी मागे न बघताच हात वर केला आणि कुजबुजले, "आजी, एक मिनिट, उडून जाईल."

मी थांबले.  ती गोष्ट तिथे पुरी झाली होती. सगळ्यांना आवडली होती. मी तोंड मिटून बाजूला झाले असते तर गौरवी पुढच्या पक्ष्याकडे वळली असती आणि दुपारपर्यंत चौदा घरांत माझी गोड आठवण पोचली असती. गौरवी माझ्याकडे बघत नव्हती. ती दुर्बीण डोळ्यांना लावून पक्ष्याकडे बघत होती, पण तिची बोटं दुर्बिणीचं चाक फिरवत नव्हती.

पक्षी दगडावरून पाण्याच्या कडेला उतरला. काही तरी टिपलं. कॅमेरा टकटक वाजत राहिला. माझे पाय दुखायला लागले, पण मी बसले नाही, हलले नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग तो एकाएकी उठला आणि वरखाली होत व्हाळाच्या वरच्या अंगाला निघून गेला. गृहस्थांनी उभं राहून गुडघे झाडले आणि माझी माफी मागितली.

"नाही," मी म्हटलं, "माझं सांगून व्हायचंय अजून. माझ्या शेजारी एक मुलगी बसायची. तिचं नाव भाग्यलक्ष्मी."

वहीवाल्या मुलीने पेन पुन्हा उघडलं. मी तिला म्हटलं, लिही.